रस्त्यापलीकडून काढलेला उभा फोटो

आमच्या स्टुडिओत कॅमेरा एक होता आणि तो डोळ्याला लावणारी माणसं दोन होती, मी आणि हे. त्यामुळं घरात भांडायला दुसरं कारण कधी शोधावं लागलं नाही.

दुकान मिरजगावात, हायवेच्या कडेला. पुढं ओटा, आत एक खोली, आणि तिच्या मागं काळा पडदा लावून केलेली अंधारी खोली. त्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतल्या जायच्या आणि माझी सासू तिथंच लसणाच्या माळा टांगायची. ओट्याचं तोंड उत्तरेला, म्हणून तिथं ऊन कधी यायचं नाही आणि उजेड मात्र दिवसभर. नव्वद सालानंतर एक-दोन वर्षांनी मी लग्न होऊन कर्जतहून इथं आले, तेव्हा कॅमेऱ्याची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, एवढंच मला कळत होतं. पण गावातल्या बायका यांच्यासमोर मान वर करीनात. 'हनुवटी जरा वर घ्या' म्हटलं की पदर आणखी खाली यायचा. मग हे मला हाक मारायचे. मी जाऊन बाईची हनुवटी धरून वर करायची, दोन शब्द बोलायची, तिला हसवायची. पुढं पुढं बटणही मीच दाबायला लागले. माझं शिक्षण असं हनुवटीपासून सुरू झालं.

कॅमेरा जुना, फोकस हातानं करायचा, आणि त्यावर पन्नासची लेन्स. पन्नास म्हणजे आपल्या डोळ्याला दिसतं साधारण तसंच दाखवणारी. गुणाची लेन्स, पण स्पष्टवक्त्या माणसासारखी तीही फार जवळ आली की नको ते बोलायची. तोंडाजवळ नेली की नाक पुढं यायचं आणि कान मागं जायचे. यांची अडचण वेगळीच होती. हे लग्नांचे फोटो काढायचे, आणि आमच्याकडं मांडव अरुंद अन् भावकी रुंद. पाठ भिंतीला टेकली तरी कडेचा मामा अर्धा बाहेर राहायचा. अर्धा मामा म्हणजे पूर्ण रुसवा. म्हणून यांना अठ्ठावीसची वाइड लेन्स हवी होती, अख्खी भावकी एका दमात पोटात घेणारी. त्यात काही चूक नव्हती, घर लग्नांवरच चालत होतं.

मला मात्र लांबची लेन्स हवी होती. ती का, हे सांगायचं तर नणंदेचं सांगावं लागेल.

यांची ती धाकटी बहीण. बालवाडीत शिकवायची. कामाला वाघ, आणि नकला करण्यात कुणाला ऐकायची नाही. माझ्या माहेरच्या माणसांची नक्कल ती माझ्यासमोर करायची आणि मलाच हसू आवरायचं नाही. तिचे वरचे दात पुढं होते. एवढीच तिच्यात खोट, आणि तीही बघणाऱ्याच्या डोळ्यात.

तेव्हा मुलीचा उभा फोटो पाकिटात घालून पाहुण्यांकडं जायचा. मुलगी पसंत असली तर फोटो तिकडंच राहायचा आणि माणसं बघायला यायची. नसली तर त्याच पाकिटातून फोटो परत. इतर समाजात नकार द्यायला पत्रिका कामी येते. आम्ही बौद्ध, आमच्यात पत्रिका बघत नाहीत, त्यामुळं पाहुण्यांची तेवढी सोयही नव्हती. मग 'मुलगा दोन वर्षं थांबतो म्हणतोय' असा निरोप यायचा, आणि तोच मुलगा त्याच उन्हाळ्यात लग्न करून मोकळा झाल्याचं कानावर यायचं.

माझ्या लग्नाआधी सासूनं, मी तिला आत्या म्हणते, एक उपाय करून बघितला होता. पोरीला घेऊन ती नगरला गेली. तिथल्या एका फोटोवाल्यानं टचिंग करून दात आत घेतले, ओठ मिटवले, वर गालही जरा गोरे करून दिले. सख्ख्या भावाचा स्टुडिओ दारात असताना ही बाहेर गेली म्हणून हे आठ दिवस आईशी बोलले नाहीत. पण फोटो देखणा झाला होता आणि पाहुणे लगेच आले. नणंद पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईनं हातातला फोटो बघितला, हिला बघितलं, परत फोटो बघितला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "फोटूत अशी न्हाई दिसत ही." मग तिनं तो फोटो पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवला आणि पोहे मात्र खाल्ले.

त्या दिवशी नणंदेचा हात जो तोंडावर गेला तो तिथंच राहिला. कधी हात, कधी ओढणीचं टोक. बालवाडीतल्या लेकरांना गाणं शिकवतानाही तेच. फोटोचं नाव काढलं की उठून जायची. आत्या कपाळाला हात लावायची, "फोटूच न्हाई तर पोरगी दावायची कशी?" मला तिच्या लग्नाची तेवढी घाई नव्हती. मला तो हात खाली आलेला बघायचा होता. घरातलं एक हसणं बंद पडलं की काय होतं ते मी रोज बघत होते, आणि मला त्या ताटलीशेजारी फोटो ठेवणाऱ्या बाईचा असा राग यायचा की तांदूळ निवडताना खड्यांबरोबर तांदूळही फेकले जायचे.

पन्नासनं मी तिला चोरून टिपायचा प्रयत्न केला. जवळ गेले की तिला चाहूल लागायची आणि हात वर. लांब राहिले की फोटोत ती मुंगीएवढी. कॅमेऱ्याला लांबून जवळचं बघता यायला हवं होतं.

एका वर्षी लग्नसराई संपल्यावर आम्ही लूनावर बसून नगरला निघालो. लेन्स एकच घेता येणार होती आणि ती वाइडच, हे घरून ठरवून निघालो होतो. जुने कॅमेरे विकणाऱ्या म्हाताऱ्या दुकानदारानं काउंटरवर फडकं अंथरून दोन लेन्स शेजारी शेजारी ठेवल्या. एक अठ्ठावीसची, वाटीएवढी. दुसरी दोनशेची, हातभर नसली तरी मुसळाच्या जातीची. "ही काळवीटवाल्याची," दुकानदार म्हणाला. कर्जतजवळच्या माळावर काळविटांचे फोटो काढायला येणाऱ्या कुणा हौशी माणसानं ती विकली होती.

यांनी वाइड लावून दुकान बघितलं, छत बघितलं, चारी कोपरे एकदम दिसतात म्हणून खूश झाले, आणि रस सांगून येतो म्हणून रस्ता ओलांडून गेले. मी आपली सहज दोनशेची लावली आणि दारातून बाहेर बघितलं.

समोर हे उभे. इतके जवळ की कानामागचा घाम दिसावा. गाड्यावर रसाचे दोन ग्लास भरून ठेवलेले, एक त्यांचा आणि एक माझा. रसवाला सुट्टे शोधत होता. माश्या घोंघावत होत्या. यांनी माझ्या ग्लासावर तळहात ठेवला. स्वतःचा ग्लास तसाच उघडा. एक माशी त्यावर बसली, हे तिच्याकडं बघत राहिले, पण माझ्या ग्लासावरचा हात काही काढला नाही.

यातलं काही त्यांनी मला दाखवायला केलं नव्हतं. घरात हा माणूस 'चहा झाला का' आणि 'किल्ली कुठाय' यापलीकडं बोलत नसे. लेन्समधून मी त्यांना पहिल्यांदा कुणी बघत नसताना बघितलं. माझे डोळे भरून आले आणि मघापासून नीट लागलेला फोकस गेला, असं मला वाटलं.

हे ग्लास घेऊन आत आले. मी कॅमेरा खाली केला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, रस माझ्या हातात दिला आणि दुकानदाराला म्हणाले, "लांबची द्या."

"अहो, ठरलंय काय!" मी ओरडलेच.

"ठरलं तवा तुजं तोंड बगितलं नव्हतं," हे म्हणाले, आणि खिशातून पैसे काढून मोजायला लागले.

घरी आत्यानं लेन्स हातात घेऊन जोखली. "ही काय लगनात लावनार? काळवीट येनार हाय का जेवायला?" गावातही आठवडाभर तेच. मी ओट्यावर कॅमेरा घेऊन उभी राहिले की जाणारा-येणारा विचारायचा, "वैनी, दिसलं का काळवीट?" मी म्हणायची, दिसलं की, तुमच्याच रूपात.

आता माझं काम नणंदेला तयार करायचं. एक दिवस मी तिला म्हणाले, "तू ओट्यावर उभी राहा. मी रस्त्याच्या पलीकडं असेन. मी इतक्या लांब की माझा डोळाही तुला दिसायचा नाही. हात तोंडावर ठेवायचाय? ठेव."

"हात ठेवूनच काढशील?"

"काढते. मला हाताचं काय वाकडं?"

ती माझ्याकडं संशयानं बघत राहिली, पण उभी राहिली. फिकट निळी साडी, मागं साधी चादर. मी तिपाई घेऊन रस्ता ओलांडला. दोनशेच्या लेन्सला उभा माणूस पुरा घ्यायचा तर तेवढं अंतर लागतंच. आत्या ओरडत होती, मागं एवढं रान पडलंय, तिकडं काढ की. पण रानात डोक्यावर ऊन, डोळे बारीक होतात, नाकाखाली मिशीसारखी सावली पडते. ओट्यावरचा तो सावलीचा मऊ उजेड मला हवा होता. लांबच्या लेन्सचं आणखी एक होतं. चेहऱ्यातलं जे ते आपापल्या जागी राहतं, नाक नाकाच्या जागी, दात दातांच्या जागी. मी कुणाला गोरं करत नाही की कुणाचं काही आत घेत नाही. फक्त मागं सरते.

अडचण एवढीच की मी आणि ती यांच्यामध्ये नगर-सोलापूर रस्ता होता. फोकस लावला की ट्रक. ट्रक गेला की टेम्पो. टेम्पो गेला की उसाची बैलगाडी, ती तर जाता जाईना. मी कबूल केल्याप्रमाणं हातासकट तिचे दोन-तीन फोटो काढले. आत्या ओट्याच्या कोपऱ्यात बसून माझ्या माहेरापर्यंत पोचली होती.

शेवटी यांना राहवलं नाही. हे गळ्यातला पंचा काढून रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात वर करून गाड्या लांबच थांबवायला लागले, पोलिसासारखे. नगरकडं जाणारी यष्टी आली. यांचे हात बघून ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि गाडी बरोबर माझ्यापुढं आणून उभी केली. माझ्यापुढं लाल पत्र्याची भिंत झाली. पलीकडं कंडक्टरनं दार उघडलेलं मला ऐकू आलं.

"चला, चला, कुठं?"

"कुठं न्हाई," यांचा आवाज.

"मंग हात का केला?"

"तुमी हितं थांबू नये म्हनून."

मग कंडक्टर म्हणाला, "हात करतो थांबू नये म्हनून! आरं, यष्टी फुडं जावी म्हनून हात करत्यात आसं या जिल्ह्यात पैल्यांदाच आयकलं. घरी बायकू हाय का न्हाई इचारायला?"

"हाय. ती तुमच्या गाडीमागं हुभी हाय."

डबल बेल वाजली. यष्टी हलली. मी डोळा लावूनच होते. लाल पत्रा सरकत गेला, शेवटची खिडकी गेली, आणि मागं ओट्यावर नणंद. दोन्ही हात पोटावर. मान मागं. अख्खी हसत होती, डोळ्यांनी, खांद्यांनी, दातांनी. तिला मी कुठं आहे याचं भानच नव्हतं. मी बटण दाबलं.

रंगीत रोल धुवायला नगरला जायचा. फोटो आला तेव्हा आत्यानं तो लांब धरून बघितला. "हा न्हाई धाडायचा. बत्तीशी दावतीया. नगरच्याला दी, त्यो नीट करील."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नणंदेनं फोटो तिच्या हातातून घेतला. मला वाटलं, फाडते आता. आणि मी तिला अडवलंही नसतं.

"आयं," ती म्हणाली, "ह्योच धाड. ज्याला माजं दात चालत न्हाईत, त्यानं आपल्या घरी येऊन पोहं खाऊ नयेत. आपलं पोहं तरी वाचतील."

आत्यानं पाकीट काढून दिलं. आत्याला गप्प करणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

फोटो पाकिटातून गेला आणि पाकिटातून परत आला. परत गेला, परत आला. प्रत्येक वेळी आत्या ते पाकीट माझ्यासमोर आदळायची. मला रात्री झोप लागेना. फोटो खरा काढला म्हणून मी मनात टेंभा मिरवत होते, पण तो परत आल्यावर दार उघडून पाकीट नणंदेलाच घ्यावं लागायचं. ती ते उघडून बघायची आणि म्हणायची, "वैनी, आनखी एका घरचं पोहं वाचलं." हसायची. पण हसताना हात वर येतोय का, इकडं माझं लक्ष असायचं, आणि तो अर्ध्यावर येऊन थांबायचा. आणखी दोन पाकिटं आली असती तर तो पुरता वर गेला असता, हे मला दिसत होतं.

मग सुप्याहून माणसं आली. मुलगा तिथल्या कारखान्यात कामाला. त्याचा फोटो आधी आला होता, पन्नासच्या लेन्सनं अगदी तोंडाजवळून काढलेला, बिचाऱ्याचं नाक चेहऱ्याच्या आधी घरात शिरत होतं. प्रत्यक्षात पोरगा चांगला होता. बरोबर त्याची आई, ठेंगणी, करारी, हातात कापडी पिशवी. नणंद पोहे घेऊन बाहेर आली. हे दारात उभे, मी स्वयंपाकघराच्या चौकटीत, आणि आत्या भिंतीला टेकून, डोळे मिटूनच घेतलेले.

त्या बाईनं पिशवीतून फोटो काढला. फोटोकडं बघितलं. नणंदेकडं बघितलं. परत फोटोकडं. हे सगळं मी ऐकलेलं होतं, याच क्रमानं.

"फोटूत हाय तशीच हाय की," ती म्हणाली. मग मुलाकडं वळून, "आरं बग, तशीच हाय. आपुन मागच्या टायमाला गेल्तो तितं फोटूतली निराळी आनि घरातली निराळी." आणि नणंदेला, "का गं पोरी, येवढं कशाला हसत हुतीस?"

नणंदेनं ट्रे खाली ठेवला आणि यष्टीची सगळी हकीकत सांगितली, भावाची नक्कल करून, कंडक्टरच्या आवाजात. दोन्ही हात हवेत. पोरगा आधी लाजला, मग पोह्यांचा घास घशात अडकेपर्यंत हसला. बाईनं डोळे पुसले, फोटो परत पिशवीत घातला आणि पिशवीचा बंद ओढून घेतला. तो फोटो त्यानंतर आमच्या घरी आला नाही.

लग्न आमच्याच दारात झालं. बुद्धवंदना झाली, नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत, हार घातले, माणसं जेवली, आणि मग भावकीचा फोटो काढायची वेळ आली. वाइड लेन्स नव्हती. लांबच्या लेन्सनं काढायचा तर यांना सोलापूरला जावं लागलं असतं. मग हे पन्नास लावून शेजारच्या पाण्याच्या टँकरवर चढले. पांढऱ्या कपड्यांनी कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चेहरे काळे पडतात, म्हणून मी खालून ओरडून सांगत होते, उजेड जास्त घ्या, लेन्सच्या कड्यावरचं एक घर जास्त! हे वरून ओरडत होते, मामा, आत या. टँकरचा पत्रा निसरडा, पायात नवी चप्पल.

तो फोटो आजही माझ्याकडं आहे. भावकी सगळी मावली आहे, कडेच्या मामासकट. तेव्हाच्या रिवाजानं सगळे कॅमेऱ्याकडं रागानं बघावं तसे बघताहेत, तोंडं घट्ट मिटलेली. नवरीनं तर मान खाली घालून बसायचं असतं. आत्या तिच्या कानात तेच सांगते आहे, "मान खाली घाल, नवरी हायेस," हे फोटोतही कळतं. आणि मधोमध नवरी मान वर करून, टँकरवर तोल सावरणाऱ्या आपल्या भावाकडं बघत, बत्तीशी दाखवून हसते आहे. हात मांडीवर आहेत. तिच्या मागं मी आहे, तोंड उघडं, कारण मी यांना ओरडत होते, अहो, पडाल!

वाइड लेन्स पुढं बऱ्याच वर्षांनी आली. तोवर प्रत्येक लग्नात हे टँकरवर, ट्रॉलीवर, शाळेच्या भिंतीवर, एकदा तर कडुलिंबावर चढले, आणि खाली उतरताना दरवेळी माझ्याकडं एकदा बघायचे. बोलायचे काही नाही. मीही बोलले नाही. आमच्यात नवरा-बायको एकमेकांचे आभार मानत नाहीत, मानले तर दोघांनाही काय करावं ते कळत नाही. म्हणून जे राहून गेलं ते इथं लिहून ठेवते, हे वाचतील तेव्हा मी दुसऱ्या खोलीत असेन.

अहो, लेन्स चांगली घेतलीत.